कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय? आधी ड्रायव्हरचाच दोष आहे का ते बघा

काम चालू असताना पीसी अचानक रिस्टार्ट होतो, एररही दिसत नाही. दुकानदार म्हणतो, ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारे प्रोग्रॅम) खराब आहेत, विंडोज नव्याने टाकू. टाकू द्यावं का?

इतक्यात नको. विंडोज क्रॅश झालं की स्वतःच रिस्टार्ट होतं, म्हणून एरर वाचायला वेळ मिळत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज असं जा. तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा. पुढच्या वेळी एररचा स्क्रीन तसाच थांबेल.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टिम’मध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. ही नोंद दिसली की पुष्कळ जण थेट पॉवर सप्लाय बदलतात. पण मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. खरी माहिती ‘डिटेल्स’ टॅबमधल्या बगचेककोडमध्ये, म्हणजे क्रॅशचं कारण सांगणाऱ्या आकड्यात असते. तिथे ० असेल तर विंडोजला काही नोंदवायची संधीच मिळालेली नाही. अशा वेळी आधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), यूपीएस, सैल वायर आणि तापमान तपासा, ड्रायव्हर नंतर. २०९ किंवा १५९ असेल तर संशय ड्रायव्हरवर, २७८ असेल तर ग्राफिक्सवर. २९२ बहुतेकदा हार्डवेअरकडे बोट दाखवतो. तिथे विंडोज पुन्हा टाकण्याचे पैसे सहसा वाया जातात.

कोड २०९ आहे. पण ड्रायव्हर तर पन्नास असतील, नेमका कोणता?

सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक क्रॅशची नोंद (डंप) साठते. त्यातली फाइल मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी (WinDbg) या क्रॅश तपासायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून ‘अ‍ॅनलाइझ’ची कमांड द्या आणि ‘इमेज नेम’समोरचं नाव बघा. तिथे एनटीओएसकर्नल (ntoskrnl) असेल तर हुरळून जाऊ नका. तो विंडोजचा गाभा आहे. दुसऱ्याने केलेला घोळ अनेकदा त्याच्या नावावर जमा होतो. दोन-तीन डंप ताडून बघा, तेच परकं नाव पुन्हा आलं तर तो तुमचा चोर. फोल्डर रिकामं असेल तर सी ड्राइव्हवरची पेज फाइल (मेमरीला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) बंद केलेली नाही ना, ते पाहा.

एका ड्रायव्हरने अख्खं मशीन का झोपावं? कारण असे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच चालतात आणि तिथे चूक झाली की डेटा बिघडू नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स अशीच कोसळली होती.

लॅपटॉप स्लीपमधून उठवला की रिस्टार्ट होतो. कोड १५९.

म्हणजे झोपायला किंवा उठायला सांगितल्यावर एखाद्या ड्रायव्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. वाय-फाय कार्ड यात नेहमीचं गिऱ्हाईक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. बटण फिकट दिसत असेल तर जुनी आवृत्ती शिल्लक नाही; मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब दिसत असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देण्याची टिकही काढून बघा. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देणाऱ्या अ‍ॅप्सच्या वाटेला जाऊ नका, भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर ती बिनदिक्कत बसवतात.

गेम खेळतानाच क्रॅश होतो, नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकूनही.

जुन्यावर नवा टाकला की जुने अवशेष राहू शकतात. आधी हवा तो ड्रायव्हर उतरवून ठेवा, नेट तोडा (नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा बसवतं), सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालतं तो मोड) डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुना साफ करा, मग बसवा. सर्वांत नवा हवाच असं नाही. क्रॅश सुरू होण्याआधीचा घ्या. कार्ड दोन सेकंदांत प्रतिसाद देत नसेल तर विंडोज ते रिसेट करायला जातं. ही मुदत रजिस्ट्रीत वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने दोष फक्त झाकला जातो. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे कार्डाचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवला असेल, तर ते आधी काढा.

ड्रायव्हर व्हेरिफायर चालू केला आणि आता विंडोज सुरूच होत नाही!

व्हेरिफायर हे विंडोजचंच तपासणीचं साधन. तो मुद्दाम ताण देऊन सदोष ड्रायव्हर पाडतो, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. दोन-तीन वेळा बूट फसलं की रिकव्हरीचा स्क्रीन येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रिस्टार्ट करा आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये शिरा. व्हेरिफायर उघडून ‘डिलीट एक्झिस्टिंग सेटिंग्ज’ करा आणि पुन्हा रिस्टार्ट. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) कुलूपबंद असेल तर वाटेत रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल.