वाचकांचे प्रश्न : चेनसॉच्या बारला जुळणारी चेन कशी निवडावी?

प्रश्न : आंबा-काजूच्या जुन्या झाडांच्या छाटणीसाठी आमच्याकडे 58 सीसीचा पेट्रोल चेनसॉ असून त्याचा बार (चेन ज्याभोवती फिरते ती पट्टी) 20 इंची आहे. जुनी चेन झिजल्यामुळे ‘20 इंच, 0.325’ असे लिहिलेली नवी चेन मागवली. परंतु ताणाचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही ती बारखाली लोंबते. चेन 20 इंचीच आहे, असे दुकानदार सांगतात. मग ती बसत का नाही?
— एक बागायतदार, दापोली

उत्तर : दुकानदार खोटे बोलत नाहीत, पण त्यांनी सांगितलेल्या मापावरून चेन ठरत नाही. 20 इंच ही बारची कापण्यायोग्य लांबी आहे. चेन मात्र त्यापुढे जाऊन यंत्राच्या आतील स्प्रॉकेटलाही (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राला) वळसा घालते, आणि बार बसवण्याची जागा ते स्प्रॉकेट हे अंतर प्रत्येक बनावटीत सारखे नसते. त्यामुळे 0.325 पिचच्या (पिच म्हणजे कड्या जोडणाऱ्या लागोपाठच्या रिव्हेटमधील सरासरी अंतर, इंचांत) 20 इंची बारला एका यंत्रावर 76 ड्राइव्ह लिंकची, तर दुसऱ्यावर 80 लिंकची चेन लागते. (बारच्या खाचेत उतरणारी जी टोकदार कडी, ती ड्राइव्ह लिंक.) आपल्यासारख्या 58 सीसीच्या अनेक स्वस्त यंत्रांना 76 लिंकची चेन लागते. आपल्याकडे आलेली चेन 80 लिंकची असावी, अशी दाट शंका आहे. या पिचमध्ये एका लिंकमागे सुमारे 16.5 मिलिमीटर लांबी वाढते. म्हणजे चार लिंकांची जादा लांबी 66 मिलिमीटर झाली, आणि ती सामावून घ्यायला बार 33 मिलिमीटर पुढे सरकावा लागेल, जे ताणाच्या स्क्रूच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणून जुनी चेन फेकण्यापूर्वी तिच्या एका लिंकवर खडूची खूण करून सर्व ड्राइव्ह लिंक मोजाव्यात. नवीच्याही मोजाव्यात. फरक नेमका चारचा निघाला, तर चेन तोडण्याचे व रिव्हेट बसवण्याचे हत्यार असलेल्या कारागिराकडून त्या कमी करून घेता येतात. नेहमीच्या चेनमध्ये दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक पाते असते, त्यामुळे चार लिंकांबरोबर एक डावे व एक उजवे पाते निघते आणि दोन्हींचा क्रम बिघडत नाही. खिळा आणि हातोडी घेऊन हा उद्योग घरी मात्र करू नये. सैल रिव्हेटची चेन पूर्ण वेगात तुटली, तर ती माणसाच्या अंगावर येते.

लिंकांची संख्या जुळली म्हणजे काम संपले, असेही नाही. 0.325 पिचच्या 18 इंची आणि 3/8 पिचच्या 20 इंची बारला पुष्कळदा 72 लिंकचीच चेन लागते, पण या दोन चेन एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पिच तपासण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटच्या मध्यांपर्यंतचे अंतर मोजून त्याचे निम्मे करावे : 0.325 ला ते सुमारे 8.25 आणि 3/8 ला सुमारे 9.3 मिलिमीटर भरते. शिवाय 3/8 मध्ये लहान यंत्रांसाठीची ‘लो प्रोफाइल’ (कमी उंचीची) आणि मोठ्या यंत्रांची नेहमीची, असे दोन वेगळे प्रकार आहेत. आकडा एकच असल्यामुळे सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. चेन, आतील स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचे छोटे चक्र या तिघांचा पिच एकच असला पाहिजे.

प्रश्न : नवी चेन व्यवस्थित बसते, लिंकही तेवढ्याच आहेत, तरीही काप एका बाजूला तिरका जातो. असे का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजेच गेज, तपासावी. सर्वसाधारणपणे ती 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर असते आणि बारच्या यंत्राकडील टोकाजवळ पिच व लिंकसंख्येसोबत बहुधा कोरलेली असते; तेलकट भुसा पुसल्याशिवाय मात्र ती दिसत नाही. 1.5 च्या खाचेत 1.3 ची चेन सहज उतरते, त्यामुळे ती बसल्याचा भास होतो, पण चालताना ती कलंडते. जाड चेन निदान खाचेत शिरतच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते.

गेज बरोबर असेल, तर बारची खाच रुंदावली आहे का हे पाहावे. यंत्र बंद करून, हातमोजे घालून, एक सरळ पट्टी बारच्या बाजूला आणि पात्याला टेकवावी. बार आणि पट्टी यांत थोडी फट राहिली तर खाच ठीक आहे. पट्टी बारला सपाट चिकटली, तर बारच बदलावा लागेल. डाव्या-उजव्या पात्यांना कानस कमी-अधिक लागली असली तरी काप तिरका जातो, पण आपली चेन कोरी असल्याने ते कारण येथे संभवत नाही. बार बदलताना आतील स्प्रॉकेटही पाहावे. साधारण दोन चेन झिजल्यावर ते बदलणे योग्य, कारण त्यावर पडलेल्या खोल चऱ्या नव्या चेनच्या ड्राइव्ह लिंकही लवकर खराब करतात.