आधी कान सांभाळा

प्रश्न : ताई, समुद्रकाठच्या रिसॉर्टवर तीन दिवसांचा संगीत महोत्सव आहे. मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच चाललेय. काय काळजी घेऊ?

उत्तर : कपड्यांचं तुमचं ठरलंच असेल, मी कानांचं बोलते. स्पीकरजवळ आवाज सहज १०० डेसिबलवर जातो आणि तेवढा आवाज कानांना जेमतेम १५ मिनिटं झेपतो. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कोंबला तर उपयोग शून्य. गाणं नीट ऐकायचं असेल तर साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज सांभाळणारा तंत्रज्ञ बसतो त्या टेबलाच्या, आसपास उभ्या राहा. मिक्सिंग, म्हणजे गाण्या-वाद्यांच्या आवाजांचा मेळ, तिथल्याच आवाजावर होतं. सेल्फीसाठी पुढे घुसायचं असेल तर गोष्ट वेगळी!

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, दर दोन तासांनी. फोन झिपच्या पिशवीत. खोली मंचापासून लांबची मागा.

रात्री पाण्यात उतरायचं नाही, प्यायल्यावर तर मुळीच नाही. दिवसा पोहताना पाणी आत ओढू लागलं तर सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा, मग वळा.