पेडलएवढा पॉवर ॲम्प लाइव्ह बँडला पुरतो का?

आपण विचारले आहे की, प्रोसेसरच्या (गिटारच्या आवाजावर इफेक्ट चढवणाऱ्या यंत्राच्या) पुढे, पायाशी असणाऱ्या पेडलबोर्डवर मावणारा १७० वॅटचा पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा भाग) आणि बारा इंची एका स्पीकरची कॅब, म्हणजे पेटी, एवढ्यावर, खरे ड्रम वाजवणाऱ्या बँडमध्ये गिटार ऐकू येईल का, की व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा, मोठा ॲम्प घेण्यावाचून गत्यंतर नाही. ऐकू येईल. मात्र हाच प्रश्न आमच्या घरात गेली दहा-अकरा वर्षे प्रत्येक लग्नाकार्याच्या पंगतीत निघतो आणि दर वेळी माझ्याच अंगावर येतो, त्यामुळे एका शब्दात उत्तर देऊन मला थांबता येणार नाही.

मी मूळचा मिरजेचा. २०१४ साली सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आमच्या पाच जणांच्या बँडला पाऊण तास मिळाला होता. कार्यक्रम मोकळ्या मैदानावर होता. दुसरी गिटार माझ्या आत्येभावाकडे होती. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून सगळ्या बँडचाच दादा. त्याच्याकडे ५० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प आणि बारा इंची दोन स्पीकरची कॅब होती, आणि ती टेम्पोतून उतरवून मंचावर चढवताना तिघांची दमछाक झाली होती. मी मात्र पाठीवरच्या पिशवीत दीड किलोचा पॉवर ॲम्प घेऊन ऐटीत आलो होतो. त्यावर १०० वॅट असे छापलेले होते. दादाकडे पन्नास आणि माझ्याकडे शंभर, तेव्हा आज त्याने जरा बेताने वाजवावे, असे मी त्याला सर्वांसमक्ष सुचवलेही होते. हे बोललो नसतो तर पुढची दहा वर्षे बरी गेली असती.

त्या ॲम्पच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढा लाल दिवा होता. ॲम्पची ताकद संपून आवाज फाटू लागला की तो लुकलुकत असे. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापासूनच तो लुकलुकू लागला आणि माझा सोलो आला तेव्हा तर विझेचना. मी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवून पाहिले, कॅबच्या जाळीवर तळहात ठेवून पाहिला. जाळी थरथरत होती, म्हणजे आवाज निघत होता, पण तो माझ्या पोटऱ्यांपर्यंत येऊन संपत होता. ड्रमर मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होता. आत्याने हा सगळा प्रकार मोबाइलवर टिपून ठेवला आहे. त्यात माझी बोटे गिटारच्या मानेवर वरपासून खालपर्यंत धावताना दिसतात आणि ऐकू येते ती केवळ झांज. उतरल्यावर दादा म्हणाला, "तुझा जेवणाचा डबा दिसला रे, ऐकू काही आला नाही." त्यानंतर त्याने जो सिद्धान्त मांडला तो आजही तो मांडतो: व्हॉल्व्हचा वॅट मोठा असतो आणि माझ्या ॲम्पसारख्या ट्रान्झिस्टरचा लहान.

हा सिद्धान्त चुकीचा आहे. वॅट हा वॅटच असतो. तो कोणाच्या पोटातून आला हे स्पीकरला कळत नाही. त्या रात्री काय घडले हे मला नंतर कॅबच्या मागची पट्टी वाचल्यावर समजले. तिच्यावर १६ ओहम लिहिले होते; स्पीकर विजेला किती अडवतो त्याचे हे माप. माझ्या ॲम्पचे १०० वॅट हे ४ ओहमच्या स्पीकरवर मिळणारे होते. असे ॲम्प विजेचा ठरावीक दाब देतात, त्यामुळे ओहम दुप्पट झाले की वॅट निम्मे होतात: ८ ओहमवर ५० आणि १६ वर अवघे २५. दादाच्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे ४, ८, १६ असा निवडीचा खटका असतो; कॅब कोणतीही असो, खटका योग्य जागी असला की त्याला त्याचे पूर्ण ५० मिळतात. म्हणजे शंभराने पन्नासाला आव्हान दिले असे मी समजत होतो आणि प्रत्यक्षात पंचवीस पन्नासासमोर उभे होते.

तरीही एवढ्याने केवळ ३ डेसिबलचा फरक पडतो, आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारी वाढ. खरा घात स्पीकरने केला. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज निघतो तो आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. सेलेशन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरचा (दादाच्या कॅबमधले असेच होते) हा आकडा १०० आहे, त्याच कंपनीच्या ग्रीनबॅकचा ९८ आहे, आणि माझ्या स्वस्तातल्या, मुळात गिटारसाठी न बनलेल्या स्पीकरचा तो ९४ होता. आता हिशोब मांडा. माझे २५ वॅट म्हणजे ९४ वर १४ डेसिबलची भर, एकूण १०८. दादाचे ५० वॅट म्हणजे १०० वर १७, एकूण ११७, आणि दोन स्पीकर शेजारी असल्यामुळे खालच्या पट्टीत आणखी दोन-तीन. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा भासतो. तो केवळ वॅट वाढवून भरून काढायचा ठरवले असते तर मला दहा-पंधरा पट ताकदीचा ॲम्प आणावा लागला असता, आणि तेवढ्यात तो बिचारा स्पीकर जळून गेला असता.

आमच्या घराशेजारी सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांचे दुकान आहे. तिथल्या काकांना मी हा हिशोब समजावून सांगितला, तेव्हा पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यावर टिचकी मारून ते म्हणाले, "तार तीच असते बाळा, भोपळा बघून घ्यायचा." मला हे कळायला दोन संध्याकाळ आणि एक कॅल्क्युलेटर लागला होता.

दुसरी चूक तर पूर्णपणे माझीच होती. घरी, रात्री, हळू आवाजात वाजवताना मी बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) भरपूर वाढवून मिड (मधले सूर) जवळजवळ शून्यावर आणले होते, कारण हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात आणि अशी मांडणी भरदार वाटते. मंचावर मात्र खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमने आधीच व्यापलेली असते, वरची जागा झांजांनी; गिटारला उरतो तो मधला पट्टा, साधारण ५०० हर्ट्झपासून ३,००० हर्ट्झपर्यंतचा, आणि तोच मी स्वतःच्या हाताने मोकळा करून ठेवला होता. बास वाढवण्यात ताकद सर्वाधिक खर्च होते, त्यामुळे तो लाल दिवा पेटत होता तो कोणालाही ऐकू न जाणाऱ्या सुरांसाठी. याशिवाय माझी कॅब जमिनीवर होती. बारा इंची स्पीकरचे तीक्ष्ण सूर टॉर्चच्या झोताप्रमाणे समोर सरळ जातात. तो झोत माझ्या गुडघ्याखालून निघून पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांच्या छातीवर पडत होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी "गिटार जरा कर्कश वाटली" असे सांगितले, तो मला मिळालेला एकमेव अभिप्राय.

यानंतर मी तोच ॲम्प ठेवला आणि ८ ओहमच्या दोन चांगल्या स्पीकरची कॅब घेतली. दोन्ही समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि छापलेले १०० वॅट खरोखर हाती येतात. कॅब मंचावर प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवतो, बास घड्याळाच्या नऊवर आणि मिड दोनवर. गेल्या आठ-नऊ वर्षांत याच सामग्रीवर जोरदार ड्रमरसमोर, मोकळ्या मंडपात आणि बंद सभागृहातही वाजवले आहे. तो लाल दिवा क्वचितच दिसतो. दादाने यापैकी तीन कार्यक्रम स्वतः ऐकले आहेत. त्यावर "आता स्पीकर चांगले आहेत म्हणून" असे तो म्हणतो, म्हणजे मी म्हणतो तेच म्हणतो, पण पराभव मान्य करत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नात गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवणे हे गिटारच्या ॲम्पचे काम आहे. ते एके काळी होते. १९६५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मार्शल कंपनीने 'द हू' या बँडसाठी १०० वॅटचे ॲम्प बनवले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांवर श्रोत्यांसमोर वॉक्स कंपनीचे १०० वॅटचे ॲम्प घेऊन उभे राहिले, आणि मंचावर मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, नसल्याने त्यांना स्वतःचेच वादन नीट ऐकू येत नव्हते. गिटारसमोर माइक लावून ती मुख्य ध्वनियंत्रणेतून सोडण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती, म्हणून एवढे वॅट लागत. आज साउंडवाला कॅबसमोर एक माइक लावतो आणि हजारांना ऐकवण्याची जबाबदारी त्याची होते. आपल्या ॲम्पने फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू यावे एवढेच अपेक्षित असते. त्या रात्रीही तेच झाले: शेवटच्या दोन गाण्यांना साउंडवाल्याने माझ्या कॅबसमोर माइक ठेवला आणि माझी गिटार मैदानाच्या टोकापर्यंत गेली. दुर्दैवाने तोपर्यंत आत्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती.

आता एक कबुली देतो, कारण ती दिली नाही तर दादा खाली प्रतिक्रियांत येऊन लिहील. व्यवहारात त्याचे अर्धे खरे आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्या छापील आकड्यापलीकडे ढकलला तरी फाटलेला आवाज गोड लागतो, किंबहुना पुष्कळदा तोच हवा असतो. त्यामुळे ५० वॅटचा ॲम्प शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येतो. आपल्या पेडलएवढ्या ॲम्पची मर्यादा ओलांडली की आवाज कुरकुरीत आणि खडबडीत होतो, म्हणून काही ताकद नेहमी राखून ठेवावी लागते. स्वच्छ, न फाटणारा आवाज हवा असेल तर ही राखीव ताकद आणखी महत्त्वाची. शिवाय व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरला सैल सोडतो, त्यामुळे स्पीकरचे स्वतःचे खालचे आणि वरचे सूर जरा उठून येतात आणि तोच आकडा अधिक मोठा भासतो. पण यातून "ट्रान्झिस्टरचा वॅट लहान" असे सिद्ध होत नाही, हे मी मागच्या दिवाळीलाही सांगितले होते. आणि जनरेटरवर विजेचा दाब उतरला की दादाचा ॲम्प कसा मलूल होतो, ते मात्र तो कधी सांगत नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर आपण कॅबचे ओहम लिहिलेच नाहीत, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. आपल्या ॲम्पचे १७० वॅट बहुधा ४ ओहमचे असतील; कॅब ८ ओहमची असेल तर सुमारे ८५ हाती येतील, आणि स्पीकरचा आकडा ९८ ते १०० असेल तर ते कोणत्याही ड्रमरला पुरे आहेत. कॅब १६ ओहमची असेल तर मात्र माझे २०१४ आठवा. स्पीकरची स्वतःची क्षमताही पाहा. २५ वॅटच्या एका ग्रीनबॅकला ८५ वॅट दिले तर तो फार काळ टिकणार नाही. कॅब गिटारचीच असेल तर प्रोसेसरमधले कॅबचे सिम्युलेशन (कॅबच्या आवाजाची नक्कल) बंद ठेवा. ते सुरू राहिले तर वरचे सूर दोनदा कापले जातात, गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते आणि दोष उगाच ॲम्पला दिला जातो. ॲम्पपासून कॅबपर्यंतची वायर स्पीकरची जाड वायरच असावी, गिटारची नव्हे. यांतल्या बऱ्याच ॲम्पमध्ये आउटपुटची ऋण बाजू जमिनीशी जोडलेली नसते, तेव्हा एकाच कॅबला दोन ॲम्प एकत्र जोडण्याचा प्रयोग करू नका.

हे सगळे जमले आणि तरीही ऐकू आले नाही, तर ड्रमरला हळू वाजवायला सांगा. हे मी गमतीने म्हणत नाही. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक काळ कान उघडे ठेवू नयेत असे श्रवणतज्ज्ञांचे एक प्रचलित गणित आहे, आणि आपण पाऊण तास त्याच्याहून मोठ्या आवाजात उभे राहणार आहात. इअरप्लग विकत घ्या. दादाच्या उजव्या कानात हल्ली सतत शीळ वाजते, आणि तो नेहमी त्याच बाजूला कॅब ठेवून उभा राहत असे.

कॅबच्या मागच्या पट्टीवर काय लिहिले आहे ते कळवा, म्हणजे नेमका हिशोब करून देता येईल.