व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट आणि शहाबादी, तिन्ही कापायला एकच डायमंड ब्लेड चालेल का? आणि मशीन कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की हॉलला व्हिट्रिफाइड टाइल, ओट्याला काळा ग्रॅनाइट आणि अंगणात शहाबादी बसवायची आहे, आणि दुकानदार म्हणतो "हे एकच ब्लेड सगळ्याला चालतं". फरशीच्या कामात मला २२ वर्षं झाली. माझं सांगणं असं, की मशीनचं नंतर बघू, आधी ब्लेडचं बघा. मशीन नुसतं फिरवतं. कापतो तो हिरा, आणि तो किती कापणार हे त्याला धरून ठेवणाऱ्या धातूवर ठरतं.

ब्लेडच्या कडेला धातूच्या भुकटीत हिऱ्याचे बारीक कण मिसळून भाजलेले असतात. त्या धातूला आम्ही बॉन्ड म्हणतो. कण बोथट झाला की त्याच्याभोवतीचा धातू झिजायला हवा, म्हणजे जुना कण गळून पडतो आणि आतला नवा उघडा होतो. म्हणून हिशोब उलटा वाटतो: कडक, घट्ट दगडाला मऊ बॉन्ड आणि वीट, सिमेंट, वाळूच्या दगडासारख्या खरबरीत मालाला कडक बॉन्ड. ग्रॅनाइटवर कडक बॉन्डचं ब्लेड लावलं तर धातू झिजतच नाही, हिरे बोथट होऊन बसतात आणि ब्लेड नुसतं घासत राहतं. उलट मऊ बॉन्डचं ब्लेड विटेत घातलं तर बघता बघता संपतं.

हे मी नुकसान करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ओट्याचा ग्रॅनाइट कापत होतो. ब्लेड पुढे सरकेना, म्हणून मी जोर लावत गेलो. धूर आला, ब्लेडची कड निळी पडली, तरी काप जेमतेम ५ मिमी. मामा शेजारी काम करत होते. त्यांनी मशीन बंद करून प्लग काढायला लावला आणि म्हणाले, "कडेवरून बोट फिरव." कड काचेसारखी गुळगुळीत होती. मग त्यांनी सिमेंटच्या एका ठोकळ्यात तेच ब्लेड सात-आठ वेळा हलकेच चालवलं आणि पुन्हा बोट फिरवायला सांगितलं. आता कड खरखरीत लागत होती. नीट बघितलं तर प्रत्येक कणामागे धातूची बारीकशी शेपटी दिसत होती. ब्लेड उघडलं की ते असं दिसतं. त्यानंतर तोच ग्रॅनाइट बिनजोराने कापला गेला. काप मंदावला की जोर लावू नका, आधी ब्लेड उघडा. आणि ब्लेड काढून परत बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा बघा. उलटं बसलं तर त्या शेपट्या मोडतात आणि हिरे लवकर गळतात.

आता तुमच्या तिन्ही मालाचं. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, इतकी ती घट्ट भाजलेली असते. तिला अखंड कडेचं पातळ ब्लेड लागतं. खाचा असलेलं सेगमेंटवालं ब्लेड लावलंत तर वरच्या चकचकीत थराच्या खपल्या उडणारच, मिस्त्री कितीही हुशार असो. रेषेवर कागदी टेप लावा, पहिल्या फेरीत जेमतेम २ मिमी खोल जा, दुसऱ्या फेरीत आरपार. सरळ काप जास्त असतील तर हाताने ओढायचा टाइल कटर भाड्याने आणा. त्याचं चाक रेघ मारतं आणि दाबलं की टाइल रेघेवर तुटते. ना धूळ, ना आवाज. ग्रॅनाइटला मात्र त्याचा उपयोग नाही. ग्रॅनाइटसाठी त्याच्याच नावाने मिळणारं टर्बो (दातेरी कडेचं) किंवा सेगमेंटवालं ब्लेड वेगळं घ्या. शहाबादी मूळची चुनखडी, तिला एवढा ताण नाही, ग्रॅनाइटचं ब्लेड चालून जाईल. अंगणातली जाड फरशी असेल तर पूर्ण कापायच्या मागे लागू नका. निम्मी कापा, उलटी करून छिन्नीने हलकेच ठोका. कापाच्या रेषेवर सहज सुटतो. म्हणजे तुम्हाला दोन ब्लेडं लागतील, एकात भागणार नाही.

मशीन: घरच्या कामाला मार्बल कटर घ्या. ११० मिमीचं ब्लेड, साधारण ३० ते ३४ मिमी खोली, आणि खाली पत्रा असल्याने काप सरळ राहतो. ज्याला पाण्याची नळी जोडायची सोय आहे तोच घ्या. ग्राइंडर कोपरे काढायला आणि घासायला बरा, पण लांब कापाला हात हलतो. लोक ४ इंची ग्राइंडरचा गार्ड काढून त्यावर ११० चं ब्लेड बसवतात, तेही २० मिमीच्या भोकाचं १६ च्या दांड्यावर बुश, म्हणजे मधली फट भरणारी कडी, न घालता. कृपा करून असं करू नका. मिनिटाला १३,००० फेऱ्यांना ११० मिमीच्या ब्लेडची कड ताशी २७० किलोमीटरच्या आसपास पळते. त्या वेगात तुकडा सुटला तर चुकवायला वेळच मिळत नाही. १३०० वॅटचं मशीन साडेपाच अँपिअरच्या वर ओढतं, त्यामुळे १५ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. पाणी वापरणार आहात, तर लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच.

सिंकचा चौकोन हे सगळ्यात जोखमीचं काम. दोन काप कोपऱ्यात एकमेकांना छेदून पुढे गेले की तिथूनच तडा निघतो, कधी कापतानाच, कधी सहा महिन्यांनी ओट्यावर जड डबा ठेवल्यावर. आधी चारही कोपऱ्यांत कोअर बिटने (ड्रिलला लावायच्या पोकळ, हिऱ्याच्या कडेच्या नळीने) गोल भोक पाडा आणि काप त्या भोकापर्यंत आणून थांबवा. आतला तुकडा सुटण्याआधी त्याला खालून आधार द्या. खरं तर सिंक आणताना सोबत येणारा कागदी नमुना ग्रॅनाइटवाल्याला देऊन तिथेच कापून घ्या, मी स्वतः बहुतेक वेळा तसंच करतो. टाइलचा एल आकाराचा काप असेल तरी हाच नियम: आधी कोपऱ्यात भोक, मग काप.

धुळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. ग्रॅनाइट आणि टाइलच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. मामांना शेवटची काही वर्षं दोन जिने चढवत नव्हते. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्यांत तर सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदी घातली ती याच कारणाने. म्हणून कापायचं ते ओलं करून, घराबाहेर, आणि तोंडाला नीट बसणारा एन-९५ लावून. रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही. काप झाला की कोरडा झाडू मारू नका, चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्या. मिस्त्री मास्क लावायला कंटाळत असतील तर तुम्ही विकत आणून त्यांच्या हातात द्या.

टाइलच्या पेटीत एखादी फुटकी निघतेच. ती टाकू नका. पहिले चार-पाच काप तिच्यावर घेऊन बघा आणि कड उजेडात धरा. खपल्या दिसल्या तर मशीन आणखी सावकाश पुढे सरकवून पुन्हा एक काप घ्या, मगच चांगल्या टाइलला हात लावा.