आधी माती बघ

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, ‘सर, सभामंडपाच्या खोदकामावर पुरातत्त्वाची देखरेख करतेय, अकरा दिवस झाले, खापरांपलीकडे काही नाही. ठेकेदार विचारतो, मॅडम, तुम्ही नेमकं काय शोधताय?’ तुला उत्तर देता आलं नाही. मलाही फोनवर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

तू काही शोधत नाहीयेस. तू माती बघतेयस. त्याला नाही कळलं तरी चालेल, तुला कळायला हवं. सभामंडपाचा पाया पांढरीत उतरतोय. पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, खचलेल्या भिंती, शेण, उकिरडे. तिथे वस्तू निघतातच. पण माती बघितली नाहीस तर ती वस्तू मुकी होते.

नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे ब्राँझचे पुतळे आठव. 1974 साली झाडाचा बुंधा खणताना निघाले. रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण 60 किलोंहून जास्त. असा ऐवज, आणि काळावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, कारण ते जमिनीतून निघताना थर बघणारं कुणी तिथे नव्हतं. उलट इनामगाव बघ, पुणे जिल्ह्यातली प्राचीन वस्ती. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 तिथे खणलं. घरं ओळखू आली ती खांबांच्या खड्ड्यांवरून, म्हणजे मातीतल्या वेगळ्या रंगाच्या गोल डागांवरून. त्याच घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन मडक्यांत लहान मुलं होती. ती ‘घरात’ पुरली हे आज म्हणता येतं, कारण वरची जमीन कुणीतरी आधी बघितली होती.

माझंही सांगतो. पाण्याच्या टाकीचं खोदकाम होतं. तांब्याचं कडं मिळालं. मी हरखलो, सावलीत बसून ब्रशने माती झाडत राहिलो. वीस मिनिटं असतील. परतलो तर जेसीबी दीड हात खाली गेलेला. खड्ड्याच्या भिंतीत एका घराच्या चोपलेल्या जमिनीची पिवळसर रेघ, बोटभर जाड, तिच्यावर राख. बाकीची जमीन ट्रॉलीतून रस्त्याच्या भरावाला गेली. कडं रीतसर जमा झालं, सोबतच्या चिठ्ठीवर माझं नाव पडलं. त्या घराची नोंद कुठेच नाही.

म्हणून सांगतो, आधी माती बघ. दातांची बकेट काढायला लाव. सपाट पात्याने चार-चार बोटं माती निघू दे. ऑपरेटर कुरकुरेल. त्याच्याशी गोडीने बोल. जमीन कडक लागली की त्याच्या हाताला तुझ्याआधी कळतं. छेद, म्हणजे खड्ड्याची उभी भिंत, खुरपीने तासून घे, वर थोडं पाणी शिंपड, रंग उठून येतात. खापर पिशवीत टाकण्याआधी थर लिही. आणि ‘काही आढळले नाही’ एवढंच लिहून सही करशील तर माझ्याकडे येऊ नकोस. कुठून कुठवर खणलं, किती खोल, माती कशी होती, हे लिही.

काम थांबवलं तर लोक चिडतात, म्हणालीस. चिडू देत. मी एकदा दोन दिवस थांबवलं होतं. गोल, काळपट डाग, थेट धान्य साठवायच्या जुन्या पेवासारखा. तळाशी प्लास्टिकची पिशवी निघाली. सगळे हसले, आणि त्या कामावर मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तरी मी चुकलो असं मी मानत नाही. पिशवी निघेपर्यंत ते पेवच होतं. तुझ्या काकूंना हे पटत नाही, ते सोड.

बोलता बोलता तू आणखी एक म्हणालीस, ‘पूर्वेच्या कोपऱ्यात करडा पट्टा आहे, पण त्यात काही नाही.’ काही नाही म्हणजे काय गं? इतकं सांगूनही? उद्या यंत्र सुरू व्हायच्या आधी तिथे पाणी मार आणि फोटो पाठव. मोजपट्टी ठेवून.