प्रश्नावलीचं बॅक ट्रान्सलेशन (अनुवाद परत मूळ भाषेत नेऊन ताडणं) तंतोतंत जुळलं, अल्फा (प्रश्नांचा आपसातला मेळ सांगणारा आकडा) 0.84 आला. आता ती प्रमाणित झाली म्हणायचं का?

नाही.

तुम्ही लिहिलंय की स्वीडनमधल्या अरब स्थलांतरित मुलांसाठी ‘ब्रीफ कोप’ ही, माणूस अडचणींना कसा तोंड देतो ते मोजणारी प्रश्नावली अरबीत आणली आणि परत इंग्रजीत नेली तेव्हा मूळ वाक्यांशी तंतोतंत जुळली. त्या ‘तंतोतंत’नेच मला लिहायला बसवलं.

2015 साली स्वीडनमध्ये सुमारे 1 लाख 63 हजार लोकांनी आश्रय मागितला, त्यांत सर्वाधिक सीरियाचे. पुढे दोनेक वर्षांनी मी तिथल्याच माल्मो शहरात अशाच एका प्रकल्पावर आकडेमोडीला होते. आमचाही अनुवाद असाच जुळलेला, साहेब खूश. मी म्हटलं, छापायच्या आधी दहा-बारा पोरांना समोर बसवून विचारू तरी.

पहिला आला पंधरा वर्षांचा सीरियन मुलगा. अडचणीच्या काळात प्रार्थना किंवा ध्यान करतोस का, या प्रश्नात अनुवादकाने ‘सलात’, म्हणजे नमाज, हा शब्द घातला होता. पोराने वाचताक्षणी 4 वर, म्हणजे ‘खूप’वर, खूण केली. दुभाषी बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाला, “नमाज तर रोजच पढतो. अडचणीचा काय संबंध?” त्याच्यामागून आलेल्या मुलीने 1 वर, म्हणजे ‘अजिबात नाही’वर, खूण केली. सगळं आवरलं, दप्तर खांद्याला लावलं आणि दारात थांबून म्हणाली की इथे आल्यापासून नमाज सुटलीय, पण रात्री पांघरुणात तोंड खुपसून ती अल्लाकडे मागणं मागते. रोज. म्हणजे दुआ.

प्रश्न होता तिच्यासारखीसाठी, आणि सगळ्यात कमी गुण तिलाच! ‘सलात’ इंग्रजीत नेलं की ‘प्रे’च येणार, मग जुळेल नाही तर काय? आपल्याकडे ‘पूजा करता का’ आणि ‘देवाचा धावा करता का’ यांत जेवढं अंतर, तेवढंच हे.

साहेब म्हणाले, बारा पोरांशी मारलेल्या गप्पांना संशोधन म्हणत नाहीत. शब्द तसाच छापला गेला. त्यावरचे आकडे मीच काढून दिले, हे अजून सलतं.

आता तुमचा अल्फा. कशाचा 0.84? या प्रश्नावलीत 28 प्रश्न आहेत, दोन-दोनांच्या 14 जोड्या. त्यांची एकत्र बेरीज करायचीच नसते. थट्टेवारी नेणं आणि स्वतःला दोष देणं एका पिशवीत कसं भरणार? जोडीजोडीने स्पिअरमन-ब्राउन (दोनच प्रश्नांचा मेळ मोजणारा आकडा) काढा, मग पुष्टीकारक घटक विश्लेषण, म्हणजे प्रश्न खरंच ठरलेल्या जोड्यांत बसतात का याची तपासणी. दारू आणि नशेच्या दोन प्रश्नांना जवळजवळ सगळे 1 लिहितील. त्यावरून मुलं सोवळी ठरत नाहीत, कागद घरी पोचेल ही भीती असते. आणि सहा-सात वर्षांची असताना आलेली मुलं घरी अरबी बोलतात, पण पुस्तकी अरबीपेक्षा स्वीडिश सहज वाचतात. त्यांच्यापुढे दोन्ही प्रती ठेवा.

हो, एक सांगायला हवं. मला अरबी येत नाही, जे कळलं ते दुभाषी बाईंमुळे. ख्रिस्ती अरब मुलं ‘सलात’ हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात, त्यामुळे नुसतं ‘दुआ’ घालून भागेलच असं नाही. बॅक ट्रान्सलेशनही अगदी फुकट नाही; गळालेलं ‘नाही’ त्यात सापडतं.

पण तुमच्या प्रतीत त्या प्रश्नात कोणता शब्द आहे? आधी तेवढं बघून सांगा.