हलकंफुलकं आहे म्हणतात, पण ‘द ऑथेंटिसिटी प्रोजेक्ट’वर वाचनगटात चर्चा रंगेल का?

रंगेल, घ्या. आमच्या गटात हे पुस्तक झालंय. एकमत काही झालं नाही, पण सगळे जण पुस्तक संपवून आले होते आणि आमच्याकडे हे क्वचितच घडतं.

क्लेअर पूली यांची ही २०२०ची कादंबरी. लंडनमधला ज्युलियन हा ७९ वर्षांचा एकाकी चित्रकार एका फिकट हिरव्या वहीत आपल्याबद्दलचं खरं लिहितो आणि वही मोनिकाच्या कॅफेत ठेवून जातो. ती वाचते, स्वतःचं लिहिते, वही पुढे सरकते. हॅझर्ड नावाच्या व्यसनी माणसाबरोबर वही थायलंडलाही पोचते.

तक्रारी ठरलेल्याच निघाल्या. योगायोग फार, वही पुढे ज्याच्या हाती पडते तो रायली नको इतका गुणी, आणि मोनिकाचं कुणाशी जुळणार हे चाणाक्ष वाचक आधीच ओळखतो. मला यातलं काही खटकलं नाही, असल्या पुस्तकात एवढं चालायचंच.

खरी जुंपली ती वेगळ्याच मुद्द्यावर. मोनिका वहीत मन मोकळं करते: मूल हवंय, पण जोडीदार अजून मिळालेला नाही. ते वाचून हॅझर्ड काय करतो? तिला न विचारता परस्पर तिच्यासाठी माणूस शोधायला लागतो. रायली वही वाचूनच तिच्यापर्यंत पोचतो आणि तेच तिच्यापासून लपवतो. म्हणजे खरं बोलली ती एकटी, आणि तिच्या खरेपणाच्या जोरावर लपवाछपवी चालली बाकीच्यांची! गटातल्या काहींना हा निव्वळ गोड गोंधळ वाटला. मला तो पुस्तकातला सगळ्यात बोचरा भाग वाटला, आणि लेखिकेने तो हसण्यावारी नेला याचा थोडा रागही आला. अनोळखी वहीशी खरं बोलणं सोपं असतं. समोरच्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली की यातली बहुतेक मंडळी कच खातात.

हॅझर्डची व्यसनमुक्तीची प्रकरणं मात्र सगळ्यांनाच पटली. त्यामागे कारण आहे. पूलीबाईंनी स्वतः दारू सोडली आणि त्याबद्दल आधी नाव न सांगता ब्लॉग लिहिला. वहीची कल्पना त्या अनुभवातून आलेली. त्यामुळे तिथली भाषा एकदम अंगावरची वाटते. इन्स्टाग्रामवर सुखी आई म्हणून मिरवणाऱ्या अ‍ॅलिसचा भागही बरा आहे, जरा पसरट.

एक करा, सगळ्यांना पुस्तक पूर्ण वाचूनच यायला सांगा. पुढे ज्युलियनबद्दल एक गोष्ट उघड होते. ती मी इथे फोडत नाही, पण ती कळल्यावर वहीचं पहिलंच पान पुन्हा काढून बघावंसं वाटतं, आणि अर्धवट वाचून आलेल्यांना त्या वादात भागच घेता येत नाही. भाषेच्या सौंदर्यासाठी वाचणारा गट असेल तर मात्र दुसरं काही निवडा.